अडवणाऱ्याचं नाव काय?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा असतो: टेबलातल्या की (नोंद ओळखणारे किंवा दुसऱ्या टेबलाशी जोडणारे कॉलम) आणि कन्स्ट्रेंट (चुकीची नोंद अडवणारे नियम) यांना आपण नावं द्यायची का, आणि द्यायची तर कशी. या अंकात फक्त त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे, ग्रंथालयाचा डेटाबेस. त्यात वाचक, पुस्तक, कर्मचारी आणि देवघेव अशी चार टेबलं आहेत असं समजा. नमुन्याची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, पण तुमच्या डेटाबेसमध्ये ती रोमन लिपीत असतील असं धरून वाचा. लिपीबद्दलचंही एक पत्र आहे, ते पुढे येईलच.

प्रश्न: मी टीममध्ये नवीन आहे. टेबल तयार करताना कॉलमपुढे नुसतं 'प्रायमरी की' किंवा 'युनिक' लिहिते. आमचे सीनियर ते दरवेळी परत पाठवतात आणि 'कन्स्ट्रेंटला नाव दे' म्हणतात. नाव दिलं नाही तर डेटाबेस स्वतःच देतो ना? मग एवढा आग्रह कशासाठी?

डेटाबेस नाव देतो हे खरं आहे. पण तुमच्या सीनियरांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

कन्स्ट्रेंटचं नाव कोण वाचतं आणि कधी, याचा विचार करा. सगळं सुरळीत चालू असताना ते कोणीच वाचत नाही. एखादी नोंद अडते तेव्हा ते एररमध्ये दिसतं. बहुतेक वेळा ते वाचणाऱ्याने तुमचं टेबल आयुष्यात पाहिलेलं नसतं, आणि फोनवर पलीकडे कोणीतरी ताटकळत असतं. ओरॅकल या डेटाबेसमध्ये नाव न देता युनिक (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम) लावलं आणि तोच ईमेल दुसऱ्यांदा आला, तर ओआरए-००००१ हा एरर येतो आणि त्यात 'एसवायएस_सी००११४२७' अशा धाटणीचं काहीतरी असतं. २३एआयआधीच्या आवृत्त्यांत त्यावरून कोणतं टेबल, कोणता कॉलम, काही बोध होत नाही. मग आधी डेटा डिक्शनरीत (डेटाबेसने स्वतःच्या रचनेबद्दल ठेवलेल्या नोंदींत) जाऊन ते नाव शोधा आणि मगच खऱ्या प्रश्नाला हात घाला. तिथे 'यूके_वाचक_ईमेल' असतं, तर फोनवरच उत्तर देता आलं असतं.

प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा वेगळी. पोस्टग्रेएसक्यूएल बरीच समजण्यासारखी नावं देतो: प्रायमरी कीला (प्रत्येक नोंद ओळखणारी की) 'वाचक_पीकी', युनिकला 'वाचक_ईमेल_की', फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारी की) 'देवघेव_वाचक_आयडी_एफकी'. त्यामुळे त्यावर काम करणाऱ्यांना नावं देण्याची गरज जाणवत नाही. पण एकाच टेबलावर अनेक कॉलमांना धरून दोन-तीन चेक (मूल्य अटीत बसतं का ते पाहणारे नियम) लावलेत, तर तोही 'देवघेव_चेक', 'देवघेव_चेक१', 'देवघेव_चेक२' असं करत जातो. यातला कोणता नियम मोडला ते नावावरून सांगता येत नाही. मायएसक्यूएल फॉरेन कीला 'देवघेव_आयबीएफके_१' असं नाव देतो. एसक्यूएल सर्व्हर टेबलाच्या नावापुढे सोळा आकडी पद्धतीतली अंक-अक्षरांची एक शेपटी जोडतो, आणि ती शेपटी प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळी असते.

या शेपटीने माझी एक रात्र खाल्ली आहे. एका टेबलातला जुना कॉलम काढून टाकायचा होता. त्या कॉलमवर डिफॉल्ट होतं, म्हणजे काही न भरल्यास आपोआप बसणारं मूल्य. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डिफॉल्ट हाही नाव असलेला कन्स्ट्रेंट असतो, आणि तो आधी काढल्याशिवाय कॉलम काढता येत नाही. चाचणीच्या डेटाबेसमधून त्याचं नाव उचलून मी स्क्रिप्टमध्ये घातलं. चाचणीत स्क्रिप्ट तीनदा बिनबोभाट चालली. रात्री अडीच वाजता प्रत्यक्ष डेटाबेसवर चालवली, तर त्या नावाचा कन्स्ट्रेंटच नाही असा एरर आला. नाव आपोआप दिलेलं होतं आणि तिथे शेपटी निराळी होती. स्क्रिप्टचे 'गो'ने तोडलेले तुकडे होते, त्यामुळे मधला तुकडा अडला तरी पुढचे चालून गेले. अर्धा बदल झालेला, अर्धा राहिलेला. सिस्टिम टेबलांतून खरं नाव शोधून सगळं मार्गी लावेपर्यंत उजाडलं. त्या टेबलाच्या पहिल्या व्याख्येत 'डीएफ_वाचक_वर्गणी' एवढे शब्द लिहिले असते, तर यातलं काहीच घडलं नसतं. तेव्हापासून बिननावाचं डिफॉल्ट मी तपासणीत पुढे जाऊ देत नाही.

हे नाव वाचणारा आणखी एक जण आहे, तो म्हणजे तुमचा प्रोग्राम. पोस्टग्रेएसक्यूएल ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, एररसोबत कन्स्ट्रेंटचं नाव वेगळं काढून देतो. तुम्ही ते पकडून स्क्रीनवर 'हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे' असं नीट वाक्य दाखवू शकता. नाव तुमच्या ताब्यात असेल तरच हे करण्यात अर्थ आहे.

सगळ्यालाच नाव द्या असं मात्र मी म्हणणार नाही. ओरॅकलमध्ये 'नॉट नल'चा (कॉलम रिकामा नको) नियम मोडला की एररमध्ये टेबल आणि कॉलम दोन्ही स्पष्ट येतात. तिथे मी नाव देत नाही.

प्रश्न: नावाचा नमुना कसा असावा? पीके (प्रायमरी की), एफके (फॉरेन की) आधी लिहावं की शेवटी? फॉरेन कीमध्ये कोणतं टेबल आधी? कॉलमचं नाव घालावं का?

मी आधी प्रकार लिहिते, मग ज्या टेबलावर कन्स्ट्रेंट आहे ते टेबल, मग बाकीचं: 'पीके_वाचक', 'यूके_वाचक_ईमेल', 'एफके_देवघेव_वाचक', 'सीके_' चेकसाठी, 'डीएफ_' डिफॉल्टसाठी, 'आयएक्स_' साध्या इंडेक्ससाठी (नोंदी लवकर शोधून देणारी सूची). प्रकार शेवटी लिहिणाऱ्यांचंही काही चुकत नाही. युनिकला 'यूके' म्हणावं की 'यूक्यू' यावर एका बैठकीत पाऊण तास गेलेला मी पाहिला आहे. दोन्हींपैकी कोणतंही घ्या, लिहून ठेवा आणि पुढे चला.

टेबलाचं नाव मात्र गाळू नका. एसक्यूएलच्या प्रमाणानुसार कन्स्ट्रेंटचं नाव संपूर्ण स्कीमात (टेबलांच्या एका गटात) एकदाच यायला हवं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर हे पाळतात. मायएसक्यूएलही फॉरेन की आणि चेक यांच्या बाबतीत पाळतो. नुसतं 'सीके_तारीख' नाव दिलंत, तर दुसऱ्या टेबलावर तसंच नाव देताना अडाल. पोस्टग्रेएसक्यूएल चेक आणि फॉरेन कीसाठी एका टेबलापुरतंच वेगळेपण मागतो, म्हणून तिथे अशी दोन नावं खपून जातात. पुढे कोणी 'इन्फर्मेशन स्कीमा'तल्या व्ह्यूंना (डेटाबेसच्या रचनेची माहिती देणाऱ्या तयार याद्यांना) नुसत्या कन्स्ट्रेंटच्या नावावर जोडून क्वेरी लिहिली, तर भलत्याच ओळी हाती येतात.

फॉरेन कीमध्ये आधी आपलं टेबल, मग ज्याच्याकडे बोट दाखवतो ते. हा क्रम फिरवू नका, कारण नावानुसार यादी लावली की त्या टेबलाच्या सगळ्या फॉरेन की एकत्र दिसतात.

कॉलमचं नाव कधी घालावं, याचं उत्तर देवघेव टेबलातच आहे. पुस्तक देणारा एक कर्मचारी असतो, परत घेणारा दुसरा असू शकतो. दोन्ही फॉरेन की कर्मचारी टेबलाकडेच जातात. 'एफके_देवघेव_कर्मचारी' हे नाव एकदाच वापरता येईल, आणि दुसऱ्याला पुढे '२' जोडणं हा मार्ग मला मान्य नाही. तो '२' म्हणजे देणारा की घेणारा, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? इथे भूमिका लिहा: 'एफके_देवघेव_देणारा_कर्मचारी', 'एफके_देवघेव_घेणारा_कर्मचारी'. ही अडचण रिलेशनल मॉडेलइतकीच, म्हणजे डेटा टेबलांत मांडण्याच्या कल्पनेइतकीच, जुनी आहे. हे मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली ज्या निबंधात प्रायमरी की आणि फॉरेन की या संज्ञा मांडल्या, त्याच निबंधात एका रिलेशनमध्ये (म्हणजे टेबलात) 'पार्ट' दोनदा येतो असं उदाहरण आहे. एक सुटा भाग आणि दुसरा तो ज्यात बसतो तो मोठा भाग. दोघांना ओळखण्यासाठी त्यांनी प्रत्येकाच्या नावाआधी त्याची भूमिका जोडली. पन्नास वर्षांहून जुना उपाय आहे आणि अजून त्याहून चांगला मला सापडलेला नाही.

चेकबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत वाईट नावं मी तिथे पाहिली आहेत. मायएसक्यूएलमध्ये चेक मोडला की एररमध्ये त्याच्या नावाखेरीज जवळजवळ काहीच येत नाही. (८.०.१६ या आवृत्तीआधी तर मायएसक्यूएल चेकची ओळ वाचून सोडून देई. जुन्या आवृत्तीवर बनलेल्या टेबलांत चेक खरोखर आहे का, हे एकदा पाहून घ्या.) म्हणून चेकच्या नावात कॉलमऐवजी नियम लिहा. परतीची तारीख देण्याच्या तारखेआधीची असू नये, असा नियम आहे. 'सीके_देवघेव_परती_तारीख' या नावावरून तारखेत काहीतरी गडबड आहे इतकंच कळतं. 'सीके_देवघेव_परती_देण्याआधी_नाही' वाचलं की काय दुरुस्त करायचं ते कळतं. आणि नावात पाळायचा नियम लिहा, चूक लिहू नका. एररचं वाक्य 'अमुक चेकचं उल्लंघन झालं' असं असतं. त्यात 'परती_आधीची' असं नाव बसवलं तर अर्थ उलटा लागतो.

अनेक कॉलमांच्या युनिकलाही हेच लागू आहे. एक पुस्तक एका वेळी एकाच वाचकाकडे असावं, म्हणून परतीची तारीख रिकामी असलेल्या नोंदींपुरता युनिक इंडेक्स पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लावता येतो. तांत्रिकदृष्ट्या तो कन्स्ट्रेंट नाही, इंडेक्स आहे, पण मोडल्यावर एररमध्ये त्याचंच नाव युनिक कन्स्ट्रेंट म्हणून येतं. मी त्याला 'यूके_देवघेव_पुस्तक_एकाकडेच' असं नाव देईन.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी प्रायमरी कीच्या नावाचा विचार सोडून द्यावा. तुम्ही काहीही लिहा, तिथे तिचं नाव 'प्रायमरी' हेच राहतं.

प्रश्न: आमच्या प्रकल्पात टेबलांची आणि कन्स्ट्रेंटची नावं थेट देवनागरीत द्यावीत असा विचार आहे. पोस्टग्रेएसक्यूएल ती स्वीकारतो हे करून पाहिलं. पुढे काही अडचण येईल का?

तुमचा विचार मला मनापासून आवडला, आणि म्हणूनच अडचणी आधी सांगते.

पहिली लांबीची. पोस्टग्रेएसक्यूएल नावाला ६३ बाइट देतो. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. म्हणजे फार तर २१ चिन्हं. 'देवघेव' हा चार अक्षरी शब्द सहा चिन्हांचा, म्हणून १८ बाइटचा.

आता 'एफके_देवघेव_नोंदवणारा_कर्मचारी' हे नाव घ्या. ते ८४ बाइटचं आहे. पोस्टग्रेएसक्यूएल ते नाकारत नाही. एक सूचना देऊन ६३ वर कापतो आणि 'एफके_देवघेव_नोंदवणारा_क' एवढंच ठेवतो. मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवताना ती सूचना बहुधा कोणाच्या नजरेला पडत नाही. मग त्याच टेबलावर कोणी 'एफके_देवघेव_नोंदवणारा_कक्ष' जोडायला जातो. तेही कापून नेमकं त्याच 'क'वर थांबतं, आणि या नावाचा कन्स्ट्रेंट आधीच आहे असा एरर येतो. पूर्ण नावं शेजारी ठेवून पाहणाऱ्याला काही केल्या कळत नाही की यात सारखं काय आहे.

मायएसक्यूएलची मर्यादा ६४ अक्षरचिन्हांची आहे आणि एसक्यूएल सर्व्हरची १२८, दोघेही बाइट मोजत नाहीत, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. ओरॅकल बाइटच मोजतो. १२.२ या आवृत्तीपासून १२८, त्याआधी फक्त ३०. तीस बाइट म्हणजे देवनागरीची दहा चिन्हं.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. 'कर्मचाऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकित करता येतो. काही कीबोर्ड 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात, काही 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असं लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं आहेत. एकाने तयार केलेला कन्स्ट्रेंट दुसऱ्याला त्याच्या मशीनवरून काढता येत नाही, आणि स्क्रीनकडे कितीही वेळ पाहिलं तरी फरक सापडत नाही.

म्हणून माझा सल्ला: शब्द मराठी ठेवा, लिपी रोमन ठेवा. फक्त स्पेलिंग आधी ठरवा. 'वाचक' मधला 'व' कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. टेबल आणि कॉलममध्ये येणाऱ्या सगळ्या शब्दांची एक यादी कोडसोबतच ठेवा आणि यादीत नसलेला शब्द तपासणीत थांबवा. देवनागरीतली पूर्ण, सुंदर वाक्यं टेबल आणि कॉलमवरच्या 'कॉमेंट'मध्ये लिहा. तिथे ६३ बाइटचं बंधन नाही.

प्रश्न: प्रायमरी कीच्या कॉलमला नुसतं 'आयडी' म्हणावं की 'वाचक_आयडी'?

'वाचक_आयडी'. देवघेव टेबलातही तेच नाव ठेवा, म्हणजे जोडणी 'यूझिंग'ने एका शब्दात होते. शिवाय सगळीकडे 'आयडी' असेल, तर घाईत देवघेवचा आयडी वाचकाच्या आयडीशी जोडला जातो, क्वेरी चालते, ओळीही येतात आणि त्या चुकीच्या असतात. 'नॅचरल जॉइन'च्या मोहात मात्र पडू नका. तो सारख्या नावाचे सगळे कॉलम जोडतो, दोन्ही टेबलांत 'नोंद_वेळ' असेल तर तोही. रेल्स किंवा जँगोसारखं फ्रेमवर्क 'आयडी' गृहीत धरत असेल, तर त्याच्याशी भांडू नका.

प्रश्न: फॉरेन की लावली की तिचा इंडेक्स आपोआप तयार होतो ना? मग त्याला वेगळं नाव का द्यायचं?

मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनमध्ये होतो. पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये होत नाही. तिथे 'आयएक्स_देवघेव_वाचक' तुम्हीच तयार करायचा. एक वाचक काढून टाकायला मिनिटभर लागतो अशी तक्रार आली, की मी आधी हाच इंडेक्स आहे का ते पाहते, कारण तो नसेल तर डेटाबेस त्या एका नोंदीसाठी पूर्ण देवघेव चाळतो.

प्रश्न: जुन्या डेटाबेसमध्ये शेकडो कन्स्ट्रेंट आपोआप मिळालेल्या नावांचे आहेत. सगळ्यांची नावं बदलावीत का? बदलताना डेटाला धोका आहे का?

डेटाला धोका नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ९.२ पासून कन्स्ट्रेंटचं नाव थेट बदलता येतं, ओरॅकलमध्येही येतं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसपी_रिनेम' आहे. यात फक्त कॅटलॉगमधली, म्हणजे डेटा डिक्शनरीतली, नोंद बदलते. टेबलावर क्षणभर लॉक मात्र लागतो, म्हणून गर्दीच्या वेळी करू नका. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन की काढून नव्या नावाने पुन्हा लावावी लागते, आणि लावताना सगळ्या नोंदी तपासल्या जातात. मोठ्या टेबलावर याला वेळ लागतो.

यादी हाताने करू नका. एसक्यूएल सर्व्हरच्या सिस्टिम व्ह्यूंमध्ये 'इज_सिस्टिम_नेम्ड' हा कॉलम आहे, ओरॅकलच्या 'यूझर_कन्स्ट्रेंट्स'मध्ये 'जनरेटेड' आहे. नाव माणसाने दिलं की डेटाबेसने, ते तिथे कळतं. या यादीतून आधी चेक आणि डिफॉल्ट घ्या, मग युनिक आणि फॉरेन की. पोस्टग्रेएसक्यूएलवर असाल तर आपोआप दिलेल्या प्रायमरी कीच्या नावांना मी हात लावणार नाही, ती वाचता येतात.

नाव बदललेली टेबलं मात्र शोधा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टेबलाचं नाव बदललं तरी कन्स्ट्रेंट आणि इंडेक्स यांची जुनी नावं तशीच राहतात. 'सभासद' टेबलाचं 'वाचक' झालं, पण एररमध्ये 'सभासद_ईमेल_की' येत राहतं आणि नवा माणूस अस्तित्वात नसलेलं टेबल शोधत बसतो. ही नावं मी सर्वांत आधी दुरुस्त करेन.

आणि बदलण्यापूर्वी प्रत्येक जुनं नाव कोडमध्ये शोधा. एरर पकडून संदेश दाखवणारे प्रोग्राम आणि जुन्या मायग्रेशनमधल्या 'ड्रॉप कन्स्ट्रेंट' या जागा सहज आठवतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट ऑन कन्स्ट्रेंट' (नोंद आधीच असेल तर काय करायचं ते सांगणारा इन्सर्टचा भाग) ही तिसरी जागा आहे आणि ती हमखास राहून जाते. तिथे नाव बदललं की इन्सर्ट सरळ एरर देतो. अशा ठिकाणी नावाऐवजी कंसात कॉलम लिहिले तर तेच काम होतं. आधी तो बदल करा, तो प्रत्यक्ष वापरात जाऊ द्या आणि मगच कन्स्ट्रेंटचं नाव बदला.